सरोवराच्या काठावर रडलेली ताई

रविवारी मी लोणारच्या सरोवराकडं जायचं टाळतो. आज पाहुण्यांसाठी जावंच लागलं. गाड्यांचे भोंगे, फोटोसाठी रेटारेटी. जीव शिणून गेला. तेवढ्यात खाऱ्या पाण्याचा उग्र वास आला आणि सासर सोडून आलेली माझी ताई आठवली.

त्या दुपारी या काठावर आम्ही दोघंच होतो. घरात दाबून ठेवलेलं रडू तिनं इथं मोकळं केलं. मी ओशाळलो.

"हळू ना, ताई. कोणी आयकलं तर?"

"आयकू दे. मले वापस नाही जायचं."

ती परत गेली नाही. शिकून नर्स झाली. तेव्हा मला तिच्या रडण्याची लाज वाटली होती. आज वाटतं, एखादीला असं रडायचं असेल तर आता तिनं या गावात कुठं जावं?