मास्तरांचा तंबू

टेलरमास्तरांच्या गिऱ्हाइकांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. कपडा वेळेवर मिळणार नाही, आणि एकदा मिळाला की जन्मात उसवणार नाही. दुकानात अर्धवट पँटी माना टाकून लटकत असताना या गृहस्थांनी चक्क तंबू शिवला, तोही दुहेरी शिवणीचा, आणि बायकोला नि सासूबाईंना घेऊन तळ्याकाठच्या जंगलात मुक्कामाला निघाले.

"माझ्या कोटाला बाह्या कधी लागणार, जावईबापू?" गाडीत सासूबाईंनी विचारलं. "की तंबूच अंगावर घेऊन फिरू?"

मास्तर हसले. सासूबाईंचे टोमणे ते टाचण्यांसारखे झेलत. सवयीने टोचत नसत.

दुपारी सासूबाई तंबूत आडव्या झाल्या. मास्तर आणि बायको तळ्यावरून पाणी घेऊन परत येतात तो काय, तंबूच्या एकुलत्या एक दारात रानडुकरीण उभी! शिलाई मशीनच्या टेबलाएवढी, आणि माप चुकलेल्या गिऱ्हाइकासारखी फुरफुरत होती.

"अहो, आई आत आहे!" बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला.

मास्तरांनी तो हळूच सोडवला. लांबून वळसा घालून ते तंबूच्या मागे गेले, गुडघ्यांवर बसले आणि कापडाला तोंड लावून कुजबुजले, "आई, जाग्या आहात?"

"झोपू देतंय कोण? हिचं पिल्लू शिरलंय माझ्या पांघरुणात. घोरतंय मेलं."

"हलू नका."

"नाही हो, आता नाचणारच होते!"

पण आवाज कापत होता, आणि मास्तरांनी ते ओळखलं. पिल्लू दचकून ओरडलं असतं तर डुकरीण थेट आत घुसली असती. कात्री चालवावी तर जाड कापड कर्रकन वाजणार. उरला एकच मार्ग, शिवण उसवायची. मास्तरांनी खिशातलं छोटं पातं काढलं आणि एकेक टाका सोडवू लागले. काय ते टाके! दात घट्ट आवळून बसल्यासारखे. स्वतःच्याच हातांना मनातल्या मनात शिव्या देत, पण एकदाही दोरा न झटकता, या माणसाने शिवण उलगडली. घाम नाकावरून टपकत होता. पुढे दारात डुकरीण फुरफुरत होती. हात मात्र दुकानात बसल्यासारखा शांत.

माणूस निघेल एवढी फट झाली तशा सासूबाई पांघरूण आतच ठेवून इंचाइंचाने बाहेर सरकल्या. मास्तरांनी त्यांना धरलं आणि दोघं वाकून झाडांपर्यंत आली. मागे पिल्लू जागं झालं, एकदा कुरकुरलं आणि दारातून आईच्या पोटाखाली शिरलं. मायलेकरं झुडपांत दिसेनाशी झाली.

बायको आईच्या गळ्यात पडून रडली. मास्तर उसवलेली बाजू शिवायला बसले. आता मात्र सुईत दोरा काही जाईना.

सासूबाईंनी सुई काढून घेतली. दोरा ओवून दिला. मग थोडा वेळ जावयाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या.

"शिवून टाकू नका हो ते," त्या म्हणाल्या. "बटणं लावा."