डाव्या खांद्याचा कच्चा टाका

थोरली जाऊ घरीच शिवणकाम करायची, धाकटी शाळेत शिकवायची. दोघींच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीपलीकडून सासूबाईंचं कौतुक रोज ऐकू यायचं, "धाकटी म्हणजे हुशारच हो आमची!" इकडे थोरलीच्या मशीनचं चाक जरा जोरातच फिरायचं. माणसानं ऐकून तरी किती घ्यायचं? धाकटी परीक्षांना बसली तेव्हा तिच्या वाट्याची भांडी कुणी घासली, हे सासूबाई सोयीस्कर विसरल्या होत्या. त्या बदल्यात धाकटी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून शिवलेल्या कपड्यांचे कच्चे टाके उसवून द्यायची. एवढंच काय ते तिचं शिवणकाम.

आता तर ती मुख्याध्यापिका झाली. वर गडद निळं कापड घेऊन थोरलीकडेच आली.

"ताई, झगा शिवून द्याल? माझं इन्व्हेस्टिचर आहे."

"काय आहे?"

"इन्व्हेस्टिचर. पदग्रहणाचा समारंभ म्हणा. पण मूळ अर्थ कपडे चढवणं. पूर्वी राजाला, धर्मगुरूला अधिकार द्यायचा तर चारचौघांदेखत अंगावर झगा चढवायचे. झगा चढला की अधिकार आला."

"म्हणजे नोकरी लागली की इन्व्हेस्टिचर?"

"छे, नुसती नोकरी लागली तर हा शब्द नाही वापरायचा. वर्गप्रमुखांना आम्ही पट्टे घालतो ना, त्याला म्हणतात. आणि आपलं आपण घालून चालत नाही, दुसऱ्यानं घालायचं."

"मग मी रोज तेच करते की! गिऱ्हाइकाला कोट चढवूनच बघते. माझ्यासाठी नाही कुणी टाळ्या वाजवत."

धाकटी गोड हसली. ती अशी हसली की थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. रागवायलासुद्धा जागा ठेवत नाही, मेली!

झगा मात्र तिनं जीव ओतून शिवला. वाईट काम तिच्या हाताला जमतच नसे. सगळा पक्का झाला, डावा खांदा तेवढा पांढऱ्या कच्च्या टाक्यावर उरला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "घराचं नाव काढलं धाकटीनं. थोरलीचं काय, असते आपली घरात."

थोरलीचा पाय मशीनवरून खाली आला. तिनं पांढरा दोरा उसवला, आणि त्याच जागी निळ्या दोऱ्यानं पुन्हा कच्चाच टाका घातला. वरून इस्त्री फिरवली. बोलताना हात उंचावायची धाकटीला सवय होती. उंचाव म्हणावं, होऊ दे शोभा!

संध्याकाळी धाकटीनं झगा घालून पाहिला, बाह्या, खांदे चाचपले. "सुरेख झालाय," म्हणाली आणि घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. थोरली मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. जुन्या मुख्याध्यापिकाबाईंनी झगा उचलला, तशी धाकटी माइकपाशी आली.

"एक विनंती आहे. ज्या हातांनी मला इथवर आणलं, त्याच हातांनी हा झगा चढावा. ताई, या ना."

चारशे माना मागे वळल्या, त्यात सासूबाईंचीही. थोरली स्टेजवर चढली आणि झगा तिच्या हातात आला. शिवणारीही तीच, चढवणारीही तीच. आता खांदा उसवला तर अब्रू धाकटीची नव्हे, तिची जाणार होती.

"थांब जरा," ती म्हणाली. निळा दोरा ओवलेली सुई नेहमीसारखी तिच्या ब्लाउजच्या कॉलरच्या आत खोचलेली होती. तिथंच उभ्या उभ्या तिनं खांद्यावर बारीक, दाट टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. लोकांना वाटलं, हाही समारंभाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी तर डोळ्याला रुमाल लावला.

झगा चढवताना धाकटी तिच्या कानाशी पुटपुटली, "कालच दिसला होता मला. इतकी वर्षं तुमचे कच्चे टाके मीच उसवतेय ना, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पक्का कराल, माहीत होतं."

थोरलीनं तिची कॉलर सरळ केली, बटण लावलं. म्हणजे हिनं माफही करून टाकलं, आणि तेही मुख्याध्यापिका होता होता! इथंही पहिला नंबर हिचाच. टाळ्या काही थांबेनात, आणि थोरलीला तिच्या शेजारी हसत उभं राहावं लागलं.