वाघिणींचा फिटर आणि सुखरामचा ट्रक

नरहरी बोपचे कशाच्याही खाली शिरण्याआधी लाल झेंडी लावायचा. गोंदियाला मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, दुरुस्त करताना लागलेली ही सवय. ज्यानं झेंडी लावली त्यानंच ती काढायची, तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता. सत्तावन्न साली तो रेल्वे सोडून भिलाईच्या कारखान्यात लागला, सेक्टर एकमध्ये क्वार्टर मिळालं, पण झेंडी काही सुटली नाही. खाटेची नवार आवळायला खाली शिरला तरी खुराला लाल फडकं बांधायचा. "खाट काय नागपूरले निघाली का?" त्याची बायको पंचफुला विचारायची. "नियम म्हणजे नियम," तो म्हणायचा. माणूस सरळ, हाताचा कसबी, आणि आपल्या कसबाबद्दल जरा जास्तच खात्री असलेला.

सुखराम साहू हा त्याचा इथला पहिला दोस्त, जवळच्याच गावचा. शेत कारखान्यात गेल्यावर त्यानं लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक घेतला, मागे टाकी बसवली आणि नंदिनीच्या खाणीवर मजुरांच्या वस्तीला पाणी पोचवायचं काम धरलं. तिथं रस्ता म्हणून नव्हताच. चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच तिथं पोचायची, म्हणून सुखरामचं बरं चाललं होतं. एका गुरुवारी गाडीच्या पोटातून जातं फिरल्यासारखी घरघर यायला लागली. वस्तीच्या मुनशीनं बजावलं, सोमवारी सकाळी पाणी आलं नाही तर दुसऱ्याची गाडी लावतो. दुर्गच्या दोन मिस्त्र्यांनी खाली वाकून पाहिलं आणि हात वर केले. शनिवारी सुखरामनं ट्रक कसाबसा नरहरीच्या दारात आणून उभा केला. शेत गेलं, आता हेही जातंय की काय, ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती.

बिघाड होता पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या लोखंडी पेटीत. ती बसवणाऱ्यानं परत कुणाला काढू द्यायची नाही अशी शपथच घेतली असावी. खाली जाड पत्रा, त्याच्या वरून आडवा गेलेला सायलेन्सरचा पाइप, आणि पेटीतून निघालेले दोन लांब दांडे, एक पुढच्या चाकांकडे, एक मागच्या. हे सगळं निघाल्याशिवाय पेटीला हात लागत नव्हता. नरहरीनं बंपरला झेंडी बांधली, बोल्टांना घासलेट पाजलं आणि पाठीवर पडून कामाला लागला. दुपारपर्यंत पत्रा, पाइप आणि पुढचा दांडा अंगणात येऊन पडले.

तेवढ्यात पंचफुला बाहेर आली. मागच्या चाकाला टेकण म्हणून सुखरामनं तिचा धुण्याचा दगड लावला होता. "माहा दगड कावून नेला? कपडे भिजून राहिले."

"नेऊन दे तिले," नरहरी खालून म्हणाला.

"पथरा ला रहन दे भैया, ढलान हे," सुखराम म्हणाला. उतार आहे, दगड असू दे.

"ब्रेक ओढला ना तू? मंग झालं. म्या अख्ख्या मालगाड्या ब्रेकवर उभ्या केल्या. तुहा ट्रक काय घेऊन बसला."

दगड गेला. नरहरीनं मागचा दांडा अंगावर पडू नये म्हणून सुतळीनं वर बांधला आणि त्याचा शेवटचा बोल्ट काढला. त्याबरोबर ट्रक हलला.

नरहरीला रेल्वेनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. वर गाडी हलली तर पळायचं नाही, जमिनीला चिकटायचं. त्यानं हात अंगालगत घेतले, गाल मातीत दाबला. पुढचा आस त्याच्या कानावरून वीतभर अंतरानं गेला आणि डोक्यावर आभाळ आलं. ट्रक झेंडी फडकवत मागे मागे गेला आणि गल्लीच्या टोकाला, नळांसाठी खणलेल्या मातीच्या ढिगावर मागची चाकं चढवून थांबला.

पंचफुलाच्या हातात पिळलेलं लुगडं तसंच होतं. "उठता का तसेच पडून राहता?" ती म्हणाली.

शेजारचे भाऊराव आणि आणखी चार-पाच जण जमले. सुखरामनं कपाळावर हात मारला. "बिरेक ला महीं ढीला खींचे रहेंव." ब्रेक मीच ढिला ओढला होता, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण ट्रक अंगावरून जाताना नरहरीनं खालून पाहिलं होतं. ब्रेक पेटीला घट्ट आवळलेला होता आणि चाकं खुशाल फिरत होती.

"नाही सुखराम. तुहा ब्रेक बरोबर होता, माही अक्कल ढिली होती. वाघिणीचा ब्रेक चाकाले धरते. याचा ब्रेक पेटीपाशी दांड्याले धरते, अन दांडा म्याच काढला."

भाऊराव पोट धरून हसले. रविवारी मात्र नरहरीनं चारही चाकांना दगड लावले, आणि धुण्याचा दगड पंचफुलानं न मागता आणून दिला. ढिगामुळे मागून उचलल्या गेलेल्या ट्रकखाली आता मांडी घालून बसता येत होतं. छातीवर घ्यावी लागली असती ती पेटी दोघांनी मांडीवर उतरवून घेतली. आतली फुटलेली बेअरिंग बदलली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं जागच्या जागी गेलं.

सोमवारी सहाला ट्रक नंदिनीला पोचला. शेजारी नरहरी बसला होता. हंडे घेतलेल्या बायकांच्या पुढे मुनशी उभे होते. भय्याजी त्यांचं नाव, तुमसरकडचे, हसण्याच्या बाबतीत कंजूष. त्यांच्या मागे दुसऱ्याची गाडी तयार होती. भाऊरावांचा साळा याच खाणीवर होता, तेव्हा बातमी ट्रकच्या आधी पोचलेली.

"ड्रायव्हरबिगर पळाली ते गाडी हेच का?" भय्याजींनी विचारलं.

सुखरामचा चेहरा उतरला. नरहरी खाली उतरला आणि झाली ती सगळी गोष्ट, दगडापासून ढिगापर्यंत, सांगून टाकली.

"म्हणजे चुकी गाडीची नाही?"

"नाही जी. माही एकट्याची."

भय्याजींनी ट्रककडे पाहिलं, मग नरहरीला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग ठीक आहे. मले गाडी ठेवाची हाय, तुमाले नाही."

बायका हसत हंडे घेऊन पुढे सरकल्या. सुखरामनं टाकीचा नळ सोडला. इतकी वर्षं आपल्या हाताची तारीफ ऐकायची सवय असलेल्या नरहरीला त्या दिवशी या वाक्याइतकं गोड काही लागलं नाही.