चिंधी बांधलेली कणसं

कामरगावकडच्या त्या शिवारात आता जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन नाहीतर तूर. ज्वारी पेरायच्या त्या एकट्या बेबीताई. तुरीच्या कडेला चार ओळी, त्याही फक्त हुरड्यापुरत्या. घरोघरी ज्वारी होती तेव्हा पाखरंही वाटून जायची. आता चार गावांची पाखरं या चार ओळींवर. मचाणावर बसून डबडं बडवायचं, गोफण फिरवायची बेबीताईंनी, आणि हुरड्याच्या दिवशी गाव आपलं आयतं हजर.

लग्नानंतरच्या पहिल्याच हुरड्याला सासूनं त्यांना शिकवलं होतं, सगळ्यात भरल्या दोन कणसांना चिंधी बांधायची. ती भाजायची नाहीत, शेतात उभ्या ताटावरच वाळू द्यायची. पुढच्या सालाचं बियाणं ते. सासू गेली, नवरा गेला, चिंधी काही सुटली नाही. यंदा मात्र खांदा वर जाईना. बेबीताई थकल्या होत्या, आणि थकले म्हणून सांगायचाही त्यांना कंटाळा आला होता.

गोवऱ्यांच्या विस्तवाभोवती मंडळी बसली. गरम कणसं पोत्यावर चोळली जात होती, लसणाची चटणी, दही, गूळ फिरत होता. शेजारचा धनराज भरल्या तोंडानं म्हणाला, "पुढच्या साली दोन ओळी वाढवा बेबीताई. पाहुणे वाढून राह्यले."

"पुढच्या साली मी पेरत नाही, भाऊ," बेबीताई म्हणाल्या. "माह्यानं आता पाखरं राखनं होत नाही. चिंधीचे दोन कणसं उभे हायेत. जो राखन त्यानं बियाणं न्यावं."

कुणीतरी एकजण 'मी नेतो' म्हणेल, एवढीच त्यांची आशा होती. पलीकडे बसलेल्या हिरीबाईंनी आपले गुडघे सांगितले. धनराजला सवड नव्हती. कारंज्याला हुरडा पाकिटात मिळतो, अशीही माहिती निघाली. मग कुणीतरी चटणी मागितली.

बेबीताई उठल्या. विळा घेऊन ओळीत शिरल्या, दोन्ही कणसं कापून आणली, चिंध्या सोडून कमरेला खोचल्या आणि कणसं विस्तवात सारली.

"अवं, बियाणं हाय ते," हिरीबाई म्हणाल्या.

बेबीताईंनी कणसं विस्तवात फिरवली. कणसं भाजली तशी त्यांनी ती चोळली. टपोरे हिरवे दाणे पोत्यावर पडले. यंदाच्या हुरड्यात एवढे गोड दाणे दुसरे नव्हते.

ते घ्यायला मात्र सगळ्यांचे हात पुढे आले.