मापबाई आणि बत्तीस पायांची चिप

कारखान्यात तिला सगळे मापबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बुटांच्या त्या लहानशा कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला पाठीमागे नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. वय अठ्ठावन्न, चष्मा कपाळावर, गळ्यात मापपट्टी, आणि कुणी आत आलं की तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघायची खोड.

ती लागली होती पॅकिंगला. परत आलेल्या बुटांचं एक खोकं तिच्या शेजारी पडलेलं असे. तिच्या लक्षात आलं की बहुतेक जोड्यांत एकच बूट छळलेला असतो आणि दुसरा कोराकरकरीत. "माणसाचे दोन्ही पाय सारखे असतात ही अफवा आहे," असं तिने मालकांच्या वडिलांना सुनावलं, तेव्हा ते हसले. तिने त्यांचेच पाय मापले. उजवा डाव्याहून अर्ध्या नंबरने मोठा निघाला. त्यानंतर ते हसले नाहीत. पॅकिंगच्या फळीवरून साच्यांच्या टेबलापर्यंत यायला तिला तरीही अकरा वर्षं लागली. तिथून पुढे एक पाय आखूड असलेले, ऑपरेशन झालेले, अंगठा वळलेले असे सगळे तिच्याकडे येऊ लागले. डाव्या पायाचा वेगळा साचा, उजव्याचा वेगळा.

या साच्यांसाठी पुठ्ठा कापणारं एक यंत्र होतं. ते जुनं होतं आणि कॉम्प्युटरात बसवायच्या एका जुन्या कार्डावर चालायचं. ते कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच नव्या कॉम्प्युटरांत येतच नाही. त्यामुळे मापबाईने पंचवीस वर्षांपूर्वीचा घरचा कॉम्प्युटर कारखान्यात आणून ठेवला होता आणि त्याला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. म्हणजे वेळ पडली तर दोन रपाटेही दिले होते.

यंदा त्याची हार्ड डिस्क खरखरायला लागली. आत चारशे माणसांच्या पायांची मापं. तिने दुसरी डिस्क आणली, तर ती याला दिसेचना. चौकशी केल्यावर कळलं की इतकी मोठी डिस्क ओळखायला याचं बायोस नवं करावं लागेल. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला जागं करणारी, "हा पडदा, ही डिस्क, हा कीबोर्ड" अशी घरातल्या माणसांची ओळख करून देणारी चिप. तिच्यातला मजकूर पुसून नवा लिहायचा. काम दोन-तीन मिनिटांचं. अट एकच: मध्ये वीज जाता कामा नये.

आता कारखान्याची एक रीत सांगायला हवी. एक वाजला की मालक स्वतः उठत आणि मेन स्विच खाली पाडत. पूर्वी एकदा जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालू राहून वायरी जळल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नेम. घड्याळाचा काटा इकडचा तिकडे होईल, मालकांचा हात होणार नाही. त्यांना त्याचा अभिमानही फार.

गुरुवारी मापबाईने बारा वाजून पन्नास मिनिटं झाली असताना काम सुरू केलं. नवं बायोस फ्लॉपीवर होतं; फ्लॉपी म्हातारी, रडत रडत वाचत होती. पडद्यावरची पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि मालक खुर्चीतून उठले.

"मालक, थांबा!" ती किंचाळली. "एक मिनिट!"

"एक म्हणजे एक," मालक म्हणाले, आणि त्यांनी स्विच पाडला.

सुट्टीनंतर वीज आली. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा. तिने बोर्डावरची बॅटरी काढून अर्धा तास ठेवली, परत बसवली. काही नाही. अशा वेळी काही बोर्ड फ्लॉपीवरून स्वतःला सावरतात असं तिने वाचलं होतं, म्हणून फ्लॉपी घातली. फ्लॉपीचा दिवासुद्धा लागला नाही.

संध्याकाळी मालकांनी तिच्यापुढे एक टाईप केलेला कागद सरकवला. माझ्या हलगर्जीपणामुळे यंत्र निकामी झाले, वगैरे.

"सही करा. सोमवारी भंगारवाला साच्यांचं टेबल यंत्रासकट घेऊन जाईल. वेगवेगळ्या पायांचं काम बंद, ठरलेल्या नंबरांचेच बूट काढू. तुम्हाला मी घालवत नाहीये, पॅकिंगला जागा आहे."

एकतीस वर्षांनी पॅकिंग! तिच्या कानशिलांवर रक्त चढलं, पण आवाज चढला नाही.

"दहा मिनिटं शिल्लक असताना सुरू केलं ही माझी चूक. ती मी लिहून देते. ओरडून सांगितल्यावरही तुम्ही स्विच पाडलात. ती कुणाची?"

"नेम म्हणजे नेम."

"मग कागदावर नेमालाही सही करू द्या," ती म्हणाली आणि कागद तसाच ठेवून उठली. "आणि सोमवार अजून यायचाय."

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा शांत माणूस. "बघ बाई" यापलीकडे त्याचं जगाविषयी मत नाही. तो "बघ बाई" म्हणाला. शुक्रवारी ती बोर्ड पिशवीत घालून कामावरून परस्पर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेली.

"मावशी, बोर्ड गेला. नवा घ्या."

"नव्यात माझं कार्ड बसेल?"

"नाही बसणार."

"मग नव्याचं काय करू, उशाला घेऊ?"

दुरुस्तीवाला हसला आणि म्हणून जरा जास्त बोलून गेला. चिप सॉकेटात बसवलेली आहे, काढता येते. तिच्यात लिहायचं यंत्र आपल्याकडे नाही. मात्र अगदी तसलाच दुसरा चालता बोर्ड असता, तर तो सुरू करून, चालू असतानाच त्याची चिप उपटून, तिथे ही मेलेली बसवून लिहिता येतं. कॉम्प्युटर एकदा जागा झाला की सगळं स्मरणात उतरवून घेतो, मग चिपची गरज उरत नाही.

"म्हणजे घर चालू लागलं की सासूला कुणी विचारत नाही, तसं."

"तसंच. पण मावशी, हे कुणी करत नाही. हात घसरला तर चांगला बोर्डही जातो. आणि इतका जुना, जुळा बोर्ड आणणार कुठून?"

कुठून ते मापबाईला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न होता कुठल्या तोंडाने.

तिच्या सासऱ्यांना सुनांच्या भांडणाची फार धास्ती. म्हणून घरात जे यायचं ते जोडीने यायचं. दोन इस्त्र्या, दोन मिक्सर, दोन छत्र्या, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या. त्यामुळे भांडणं थांबली नाहीतच. उलट कुणाची कुठली यावरून नवी सुरू झाली. कॉम्प्युटरही दोनच आले होते. एक मापबाईचा. दुसरा थोरल्या जावेकडे, तिच्या बसायच्या खोलीत, अजून ठणठणीत. थोरली रोज दुपारी त्यावर पत्ते लावायची, आणि तेवढा तास सोडला तर दिवसभर लोकांच्या चुका काढायची.

रविवारी सकाळी मापबाई मेलेली चिप अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून थोरलीच्या दारात उभी राहिली.

"आज कशी वाट चुकलीस?" थोरली म्हणाली. "छत्री परत करायला आलीस का? ती माझीच होती."

"छत्री माझीच होती, वहिनी. मी तुमचा कॉम्प्युटर मागायला आलेय. नेत नाही. इथेच, तासाभरासाठी." आणि तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. स्विच, कागद, पॅकिंग, चालू यंत्रातून चिप उपटणं, सगळं.

थोरलीचा चाळिशीतला मुलगा सोफ्यावर पेपर वाचत होता. तो कॉम्प्युटरच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने पेपर खाली केला.

"काकू, वेड लागलंय का? चालू बोर्डाला हात लावतात? आणि आता या वयात कशाला हा खटाटोप? आराम करा ना."

"दारातल्या तुझ्या डाव्या बुटाची टाच आतून झिजलीय," मापबाई म्हणाली. "कंबर दुखते ना सकाळी? आराम तू कर."

थोरलीने आपल्या कॉम्प्युटरकडे एकदा नजर टाकली. मग तिने विचारलं, "माझा बिघडला तर?"

"तर बिघडेल. भरून द्यायला माझ्याकडे तसला दुसरा नाही."

"बिघडणार नाही असं तरी म्हण, मेली."

"खोटं कशाला बोलू?"

"आई, अजिबात नाही म्हणायचं," मुलगा म्हणाला.

बस्स. थोरलीला आयुष्यात कुणी "अजिबात नाही म्हण" असं सांगितलं आणि ती नाही म्हणाली, असं कधी घडलं नव्हतं.

"कॉम्प्युटर कुणाचा रे? तुझा का माझा? ऊठ, तुझ्या आजोबांनी घेतलाय तो, तुझ्या कंपनीने नाही. टेबल पुढे ओढ. आणि तू गं, काय काय लागतं तुला?"

लागत होतं थोडंच: तिच्या पिशवीतली चामडं टोचायची आरी, मेणाचा दोरा आणि दोन फ्लॉप्या. चिप नखाएवढी, चौकोनी, चारी बाजूंनी मिळून बत्तीस पाय. "आणि सगळे सारखे," मापबाई पुटपुटली, "हे पहिल्यांदाच बघतेय." कॉम्प्युटर बंद असताना तिने थोरलीच्या चिपचा कापलेला कोपरा कुठल्या दिशेला आहे ते नीट बघून ठेवलं, आरीने ती अलगद उचकटली, खालून दोऱ्याचा फास घातला आणि परत हलकेच दाबून बसवली. म्हणजे वेळ येताच ओढली की सरळ वर यावी. बूट शिवणाऱ्या माणसाला दोऱ्यावर जेवढा भरवसा, तेवढा चिमट्यावर नाही.

मग फ्लॉपी घालून कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आधी तिने थोरलीच्या चिपमधलं जुनं बायोस फ्लॉपीवर उतरवून घेतलं. थोरली मागे उभी राहून एकेक अक्षर वाचत होती, परीक्षा घेतल्यासारखी.

"आता," मापबाई म्हणाली, आणि चालू कॉम्प्युटरमधली चिप दोऱ्याने ओढली.

चिप हातात आली. पडद्यावरचा ठिपका लुकलुकत राहिला. मुलगासुद्धा वाकून बघत होता. त्याचा पेपर केव्हाच जमिनीवर गेला होता.

"चालतंय की गं!" थोरली कुजबुजली.

मापबाईने मेलेली चिप कोपरा जुळवून बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबली.   आता लिहायचं. फ्लॉपीवर दोन फाईली होत्या. एक थोरलीची जुनी, पंचवीस वर्षं चाललेली, खात्रीची. दुसरी नवी, गुरुवारी अर्ध्यावर राहिलेली.

"काकू, जुनी घाला," मुलगा म्हणाला. आता तो तिच्या बाजूने झाला होता, त्यामुळे जास्तच घाबरला होता. "कॉम्प्युटर सुरू होईल, प्रश्न मिटेल. नवीत काय आहे कोण जाणे."

"जुनी घातली तर नवी डिस्क दिसणार नाही."

"ते नंतर बघू."

"डिस्क नंतरची वाट बघणार नाही. खरखरतेय ती. तिच्यात चारशे माणसांचे पाय आहेत. आज घाबरून जुनी घातली तर गुरुवारी मी जे केलं ते चूकच होतं असं होईल." तिने थोरलीकडे पाहिलं. "वहिनी?"

"माझ्याकडे काय बघतेस? चिप तुझी," थोरली म्हणाली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "ए, तू त्या स्विचपाशी जाऊन उभा राहा. कुणी हात लावला तर मोडून टाक. हात."

नवी फाईल. पट्टी सरकायला लागली. दहा टक्के, तीस, पन्नास. साठाला फ्लॉपी कण्हली आणि पट्टी थांबली. थोरलीने मापबाईचा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली होती. पट्टी पुन्हा निघाली, शंभरावर पोचली. खाली ओळ आली, लिहिलेलं पडताळलं, बरोबर आहे.

कॉम्प्युटर बंद करून मापबाईने आधी थोरलीची चिप जागेवर बसवली आणि तिचे पत्ते पडद्यावर आलेले दाखवले. मगच स्वतःची चिप गुंडाळली.

"अर्ध्या तासात झालं," थोरली म्हणाली. "मला वाटलं होतं दिवस जाईल. चहा घे. आणि छत्री नेतेस का? पडूनच आहे."

"नको. माझ्याकडे माझी आहे."

सोमवारी साडेनऊला मालक आले तेव्हा भंगारवाल्याची गाडी फाटकाशी उभी होती आणि मापबाई साच्यांच्या टेबलाशी. कॉम्प्युटर चालू होता. नवी डिस्क बसली होती आणि जुनीवरची मापं तिच्यावर उतरत होती. यंत्र एका शिक्षिकेच्या डाव्या पायाचा साचा कापत होतं; ती बाई तीन आठवडे वाट बघत होती.

मालक पाठीमागे येऊन उभे राहिले. पातं पुठ्ठ्यावरून फिरताना बघत राहिले.

"म्हणजे झालं तर होतं तसं," अखेर ते म्हणाले.

"नाही," मापबाई मान न वळवता म्हणाली. "होतं तसं नाही. जे करायला घेतलं होतं, ते झालंय."

"बरं. तो कागद मी फाडून टाकतो."

"माझ्या वाट्याचं वाक्य मी खाली लिहून सही केलीय. तुमच्या वाट्याची जागा सोडलीय. फाडायचा तर तेवढी जागा भरून मग फाडा."

मालकांनी टेबलावरचा कागद उचलला, वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. ते फाटकाशी गेले, भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. कागद त्यांच्यापाशीच राहिला.

मापबाईने डावा साचा उचलून उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि उजव्यासाठी दुसरा पुठ्ठा लावला.