मशिनवरची हळद

मी जात्याच भित्री. लिफ्ट मध्येच थांबली तरी माझ्या तोंडचं पाणी पळतं. अशा बाईनं पनवेलच्या एका संस्थेत दुभाष्याची नोकरी धरली, कारण इंग्रजी बरं होतं आणि ऑफिस घरापासून चालत जाण्यासारखं होतं. मदत पाठवणारे परदेशी पाहुणे आले की त्यांच्यासोबत गावोगाव फिरायचं, त्यांचं लोकांना आणि लोकांचं त्यांना सांगायचं, एवढंच काम. त्यात भिण्यासारखं काय असणार?

करोनानंतर संस्थेला ऑक्सिजनच्या मशिनांसाठी परदेशातून मदत आली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारी, विजेवर चालणारी, चाकांवरची पांढरी मशिनं. दर गावाला एक द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात आली अगदी मोजकी. बाकीच्यांचं काय झालं हे ऑफिसात कुणी विचारत नसे. संस्था चालवणाऱ्या आमच्या सरांच्या बंगल्यावर नवा मजला चढला, तो मात्र सगळ्यांना दिसत होता. पाहुणे ज्या गावी जाणार, त्या गावी त्यांच्या आधी टेम्पोतून मशिन पोचायचं आणि ते गेले की परत यायचं. मला हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मी गप्प बसले.

उरणच्या बाजूच्या एका घरात मात्र एक मशिन खरोखर चालू होतं. मिठागरात जन्म घालवलेला एक म्हातारा त्याच्या जिवावर श्वास घ्यायचा. त्याच्या सुनेशी माझी चांगली गट्टी जमली होती. मी गेले की ती सुक्या बोंबलांची चटणी बांधून द्यायची आणि मशिनकडे बोट दाखवून म्हणायची, "ताई, हा माझा धाकला दीर हाय. बाबांना सोडून कुठं जात नाय."

दसरा झाला आणि लगेच एक परदेशी बाई पाहणीला आल्या. त्यांना चिरनेरच्या पुढच्या एका गावातलं मशिन पाहायचं होतं. आम्ही गाडीत बसलो तेवढ्यात सुनेचा फोन आला. "ताई, टेम्पोवाल्यांनी मशिन सर्व्हिसिंगला नेलंय. ऑक्सिजनचा बाटला ठेवलाय, दुपारपर्यंत पुरंल बोलले. तवर येल ना मशिन?"

पुढच्या सीटवर सर होते. मी म्हटलं, "येईल."

त्या गावच्या दवाखान्यात मशिन भिंतीला लावून ठेवलं होतं. मी ते पाहताक्षणी ओळखलं. दसऱ्याला गाडीची, अवजारांची पूजा करतात तशी सुनेनं त्याची पूजा केली होती, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून. टेम्पोवाल्यांनी हार काढला, कुंकू पुसलं. पण पांढऱ्या प्लास्टिकवरची हळद कुठली जायला? बोटांचे पिवळे ठसे तसेच होते. पाहुणीबाई वाकल्या आणि मागच्या जाळीत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी त्यांनी हळूच ओढून काढली.

"याची पूजा कुणी केली?" त्यांनी मला विचारलं.

"गावच्या बायकांनी," सर लगेच म्हणाले.

"त्यांनाच विचारा," पाहुणीबाई मला म्हणाल्या.

मी विचारलं. दारातली एक बाई सहज म्हणाली, "आमी नाय बा. हे तर आताच टेम्पोतून उतरवलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातातला फोन पुन्हा थरथरला. "ताई, बाटल्याचा काटा खाली आलाय," सून कुजबुजत होती, बहुतेक म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "मला भ्याव वाटतं."

मी त्या बाईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. मग म्हाताऱ्याचंही सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू ढळलं नाही. ते माझ्या कानाशी अगदी मायेनं म्हणाले, "तुमची मुलगी क्लासहून एकटीच येते ना?"

पाहुणीबाईंनी सांगितल्यावर मशिन आम्ही त्यांच्या गाडीत घातलं आणि उरणकडे निघालो. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता अडवला होता. पाहुणीबाई प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. समोरचा ट्रेलर जरा हलला की मी श्वास सोडत होते.

पोचलो तेव्हा म्हातारा खाटेच्या कडेला हात टेकून, तोंड उघडं टाकून बसला होता. सून त्याला सुपानं वारा घालत होती. तिनं धावत मशिनची पिन भिंतीत खोचली. घरघर सुरू झाली, हळूहळू म्हाताऱ्याचा दम बसला, आणि मी भर घरात रडले.

नोकरी गेली. मुलीला क्लासला मीच नेऊ-आणू लागले. मागून मोटरसायकल आली की तिचा हात इतका घट्ट धरायचे की ती ओरडायची. तरी मनात एक समाधान होतं.

मग चौकशीसाठी परदेशातून दोन गृहस्थ आले आणि दुभाषी म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. सरांचं आता काही खरं नाही, असं मनात म्हणत मी त्यांना उरणच्या त्या घरी घेऊन गेले. त्यांनी हळदीच्या ठशांचे फोटो काढले, मशिनवर चिकटपट्टी लावली आणि मला म्हणाले, हा पुरावा आहे, चौकशी संपेपर्यंत आमच्या ताब्यात राहील, घरच्यांना समजावून सांगा.

मी सांगितलं. सून आधी हसली, तिला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. मग ती मशिनच्या आडवी उभी राहिली.

"ताई, तुमी तर खरं सांगितलं होतं ना? मग चोराला पकडा. मशिनला कशाला पकडता? बाबा मरतील, त्यांना सांगा."

मी शब्दन् शब्द सांगितला, वर माझ्या पदरच्या विनवण्या घातल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं, रुग्णासाठी वेगळा अर्ज करता येईल म्हणाले. मग एकानं वाकून भिंतीतली पिन काढली. घरघर थांबली. म्हातारा सुनेकडे नाही, माझ्याकडे बघत होता.