पिकू दे की

माझा डावा डोळा आजारानं गेला असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणते, तो आमच्या घरात बसून बसून गेला.

सांगते कसं ते. आंघोळ करताना उजव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तो गच्च मिटला, आणि डाव्यानं तांब्या बघायला लागले तर तांब्याच दिसेना. समोरची बादली तेवढी दिसत होती, तीही धुरकट. बाजूचं सगळं कुणी पुसून टाकल्यासारखं. तशीच ओल्या केसांनी बाहेर आले आणि मालकांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "मोतीबिंदू असंल. पिकू दे की. कच्चा काढत न्हाईत."

आमचं मूळ कोडोलीकडचं, शेतकरी घर. मंगळवार पेठेत राहायला येऊन निम्मं आयुष्य झालं, पण डोक्यातली शेती काही सुटली नाही. ऊस असो, आंबा असो, नाहीतर माणसाचा डोळा असो, तयार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. सासूबाईंचा मोतीबिंदू असाच पिकवून काढला होता, हे मला किती वेळा ऐकवलं असेल!

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असतो, दमून येतो. तरी लगेच म्हणाला, "रविवारी नेतो की आई तुला. त्यात काय एवढं?" मला बरं वाटलं. रविवारी तो मटणाच्या रांगेत उभा राहून आला, जेवला, झोपला. चहाला उठल्यावर कपाळावर हात मारून घेतला. "राहिलंच की गं! पुढच्या रविवारी नक्की." सून म्हणाली, "नेऊया की आई, मीपण येते संगट." सून माझी चांगली आहे. मुलगाही चांगला आहे. सगळेच चांगले आहेत, तिथंच तर सगळं अडलं.

आमच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नेतो की, जाऊया की, बघूया की. तो 'की' इतक्या मायेनं लावतात, की ऐकणाऱ्याला वाटावं काम निम्मं झालंच. कुणी तोंडावर म्हणालं असतं, "म्हातारे, मला वेळ न्हाय, तुझं तू बघ," तर मी रडून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गेले असते. होकारानं मला बसवून ठेवलं.

दोन पावसाळे असे गेले. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. एकदा दूध पातेल्यात ओतलं ते निम्मं ओट्यावर. मालक म्हणाले, "डोळं कुठं ठेवलीस?" मी म्हटलं, "तुम्हीच पिकायला घातल्यात न्हवं?" सगळे हसले. मीही हसले.

मग एका दुपारी वाचायला बसले. मी शाळा बघितलेली नाही. पोरं अभ्यासाला बसायची तेव्हा त्यांच्याशेजारी शेंगा सोलत सोलत अक्षरं शिकले. तेव्हापासून दुपार माझी. भांडी झाली, की पदराला हात पुसायचे आणि पुस्तक उघडायचं. तेवढा वेळ मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. त्या दुपारी ओळ संपायच्या आधीच अक्षरं संपायला लागली. आणि हे चांगल्या, उजव्या डोळ्यानं वाचताना. चष्मा पुसला, खिडकीशी सरकले, पान वाकडं करून बघितलं. तेच. डोळा गेला तर स्वयंपाक सून करेल, भाजी मुलगा आणेल. पण वाचणार कोण माझं?

तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. इतके दिवस मी सगळ्यांना म्हणत होते काय, तर "मला न्या." अहो, मंडईत मी एकटी जाते. भाचीच्या लग्नाला एकटी सांगलीला जाऊन आले. मग दवाखान्यालाच 'न्या' कशाला? पण आमच्याकडं बायका दवाखान्यात जात नाहीत. त्यांना नेतात. न्यायला कुणी नसलं तर राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घातली आणि रिक्षा केली. कुणाला विचारलं नाही. दवाखान्याच्या फाटकावरच ठळक पाटी होती, 'रविवारी बंद'. मी तिथंच उभी राहिले. इतके रविवार आम्ही ठरवले आणि इतके रविवार पुढं ढकलले, आणि दवाखाना उघडा असतो का, हे घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे निघायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची. यंत्रातून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "आजी, एकट्याच आलात?"

"एकटीच की. डोळा माझाच हाय न्हवं?"

ती हसली नाही. "आजी, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नसतो. आत डोळ्याची नस सुकत जाते. डाव्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजव्याची आहे तेवढी राखायची. रोज औषध घालायचं, वेळ चुकवायची नाही."

घरी येऊन सांगितलं तर मालक माझ्यावरच ओरडले. "मग आधी जायाचं न्हाईस व्हय? तुला काय कोण अडवलं हुतं?"

खरंच, कुणी अडवलं नव्हतं.

मुलगा डोकं धरून बसला. "आई, मी नेणारच हुतो गं." त्याला पाटीचं सांगितलं नाही. सांगून काय डोळा येणार होता?

आता पाव्हणे बघायला येतात. मालक त्यांना म्हणतात, "नशिबाचा भाग, दुसरं काय." मी चहा ठेवायला आत उठून जाते. नशिबाला बिचाऱ्याला घरात यायलासुद्धा सवड मिळाली नव्हती, आमचंच सगळं आधी झालं होतं.

उजव्या डोळ्यानं अजून वाचते. मोठ्या अक्षरांचं असलं तर सोपं जातं. सून म्हणाली, "आई, औषध मी घालत जाते की." मालकही म्हणाले, "मी घालतो की." मी दोघांनाही नको म्हटलं. आरशासमोर बसून माझं मीच घालते. थेंब कधी गालावर पडतो. पुसते आणि दुसरा सोडते.